बाजारहाट : जुनी होडी काय भावाला?



या वेळच्या टपालात हर्णैहून आलेलं एक पत्र होतं. दापोली तालुक्यातलं हर्णै तुम्हाला ठाऊक असेल. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा, आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. पत्र लिहिणारा मित्र नववीत आहे. नाव छापू नका असं त्यानं बजावलंय, म्हणून छापत नाही. पण त्याचा प्रश्न असा आहे की तो तुम्हा सगळ्यांसमोर ठेवावा असं वाटलं.

त्याच्या बाबांना एक जुनी फायबरची होडी घ्यायची आहे. मालकानं दोन लाख चाळीस हजार सांगितले. बाबांनी "एक लाख" म्हटलं. त्यावर मालक एक शब्दही न बोलता उठला आणि चालता झाला. आई म्हणते, तुम्ही त्याचा अपमान केलात. बाबा म्हणतात, बाजारात असंच मागायचं असतं. तर कोण बरोबर?

आणि खाली ता. क. आहे. "होडीवाल्यांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही."

खरं पत्र या ता. क.मध्येच आहे, नाही का? तेव्हा आज आपण घासाघीस हा विषय घेऊ. भाव पाडून मागणं म्हणजे हुशारी की फसवणूक? त्यात गणित किती आणि माणूस किती? पत्राचं उत्तर शेवटाकडे देतो. आधी बाजार फिरून येऊ.

भाव छापलेला नसतो तेव्हा

बिस्किटाचा पुडा घेताना आपण घासाघीस करत नाही. पाकिटावर किंमत छापलेली असते. शिवाय या दुकानातला पुडा आणि पलीकडच्या दुकानातला पुडा, दोन्ही सारखेच.

जुन्या होडीचं तसं नाही. एकाच वर्षी, एकाच कारखान्यात बनलेल्या दोन होड्या घ्या. एक रोज दगडांवरून ओढली गेली, दुसरी वाळूवर अलगद चढवली गेली. एकीच्या इंजिनाचं तेल वेळेवर बदललं, दुसरीचं राहूनच गेलं. दहा वर्षांनी या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे सांगूनही खरं वाटणार नाही. म्हणजे जुनी होडी ही जगात एकुलती एक वस्तू असते. तिचा भाव कुठल्याच पुस्तकात छापलेला सापडत नाही. दोघांनी बसून तो शोधून काढायचा असतो, आणि या शोधण्यालाच म्हणायचं घासाघीस.

आता गंमत बघा. बसताना दोघांच्याही पोटात एकेक आकडा असतो. विकणाऱ्याच्या पोटात "याच्या खाली देणार नाही" हा आकडा. घेणाऱ्याच्या पोटात "याच्या वर जाणार नाही" हा आकडा. समजा, विकणाऱ्याचा आकडा आहे १,६५,००० आणि घेणाऱ्याचा १,९०,०००. मधे २५,००० रुपयांची पट्टी आहे. या पट्टीत कुठंही सौदा झाला तरी दोघांचाही फायदाच आहे. १,६६,००० ला झाला तर घेणारा जास्त खूश, १,८९,००० ला झाला तर विकणारा जास्त खूश. पण तोटा कुणाचाच नाही!

आणि उलट असेल तर? विकणाऱ्याचा आकडा १,९५,००० आणि घेणाऱ्याचा १,८०,००० असेल, तर कितीही चहा प्या, सौदा जमायचा नाही. तिथं कुणी वाईट नसतं आणि कुणी मूर्खही नसतं. पट्टीच नसते, एवढंच.

अडचण अशी, की आपला पोटातला आकडा कुणीच ओठांवर आणत नाही. आणला तर समोरचा तिथंच खुंटा ठोकणार. म्हणून मालक वरून सुरुवात करतो, गिऱ्हाईक खालून.

हाताखालचा हिशोब

आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात पूर्वीपासून एक अजब पद्धत चालत आलेली आहे. तिला हत्ता म्हणतात. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वरून उपरणं किंवा रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव फक्त दोघांना कळतो. चेहरा मात्र दगडासारखा! बोट दाबलं गेलं की पापणीसुद्धा हलवायची नाही.

यात घेणाऱ्या-विकणाऱ्याची अब्रू राहते, हे खरं. कमी भाव मागितला तर चारचौघांत शोभा होत नाही. पण यातच मोठी खोटही आहे. बाहेरच्या माणसाला खरा भाव कधी कळतच नाही. बैलजोडी केवढ्याला गेली हे शेजारच्या शेतकऱ्याला माहीत नसेल, तर तो आपली जोडी काय भावानं विकणार? शेतमालाच्या बाबतीत बाजार समित्यांनी उघडा लिलाव आणला तो याच कारणानं. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव मोठ्यानं पुकारून होतो. टोपलीचा भाव कानांवर पडतो, आणि पुढच्या टोपलीला आपोआप आधार मिळतो.

पहिला धडा यातूनच घ्या. घासाघीस करायला बसण्याआधी अशाच वस्तू अलीकडे केवढ्याला गेल्या हे चार ठिकाणी विचारून या. ज्याला भाव माहीत नाही त्याचं बोलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आकड्याचा नांगर

बाबांनी एकदम खालचा आकडा का सांगितला असेल? त्यामागे एक जुनं शहाणपण आहे. ते खरं आहे हे दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय.

एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांचा एक निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका प्रयोगाची हकिकत आहे. त्यांनी जत्रेत असतं तसं एक फिरतं चक्र घेतलं. त्यावर ० ते १०० आकडे. पण चक्रात मेख होती. ते थांबायचं फक्त १० वर नाहीतर ६५ वर! लोकांसमोर चक्र फिरवायचं आणि विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश शेकडा किती असतील? या आकड्याहून जास्त की कमी? बरं, मग नेमके किती?

चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीइतका संबंध नाही. तरीही ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज निघाला २५, आणि ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा निघाला ४५. पहिल्यांदा कानांवर पडलेला आकडा मनात रुतून बसतो आणि पुढचा विचार त्याच्याभोवतीच फिरतो. या परिणामाला त्यांनी चक्क नांगराचं नाव दिलं. होडी नांगराला बांधली की फार लांब जात नाही, तसं!

होडीवाल्याचे २,४०,००० हा त्याचा नांगर. बाबांचे १,००,००० हा बाबांचा. आणि आपल्याकडची ती आवडती पद्धत आठवा, "चला, तुमचं ना आमचं, निम्म्यावर या!" ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण जरा गणित करा. २,४०,००० आणि १,४०,००० यांच्या मधोमध येतात १,९०,०००. २,४०,००० आणि १,००,००० यांच्या मधोमध येतात १,७०,०००. म्हणजे सुरुवातीलाच चाळीस हजार खाली उतरलं की "न्यायाचा" मध्यसुद्धा वीस हजार खाली सरकतो. म्हणून "निम्म्यावर या" कुणी म्हटलं की एवढंच बघायचं : निम्मं कशाचं?

आणखी एक गंमत सांगतो. समजा, मालक २,४०,००० वरून २,२०,००० वर आला, मग २,१०,००० वर, मग २,०५,००० वर. तो आधी २० हजार उतरला, मग १०, मग ५. गणिताच्या तासाला कान उघडे ठेवले असतील तर तुम्हाला लगेच दिसेल की दर वेळी निम्मं होतंय. असं करत करत तो कुठं थांबेल? २,००,००० च्या आसपास. मुरलेले घेणारे आकडा ऐकत नाहीत, दोन आकड्यांमधलं अंतर ऐकतात. पण मुरलेले विकणारेही हे जाणून असतात आणि मुद्दाम तशा पायऱ्या करतात. तेव्हा फार विसंबू नका!

शंभर रुपयांचा खेळ

मग कुणी म्हणेल, नांगर एवढा कामाचा असेल तर एक लाख तरी कशाला? दहा रुपयेच मागावेत!

तिथंच घोडं पेंड खातं. १९८२ साली व्हेर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो प्रयोग आपण आपल्या रुपयांत मांडू. दोन माणसं. पहिल्याला शंभर रुपये द्यायचे. त्यानं त्यातले किती दुसऱ्याला देणार ते सांगायचं. दुसऱ्यानं "हो" म्हटलं तर तशी वाटणी होणार. "नाही" म्हटलं तर दोघांनाही काहीच नाही. संवाद नाही, घासाघीस नाही. एकच फेरी.

कोरडा हिशोब काय सांगतो? दुसऱ्याला एक रुपया दिला तरी त्यानं घ्यावा. नाही म्हटलं तर तोही जाणार! पण माणसं तसं करत नाहीत. पुढं हा खेळ कितीतरी देशांत खेळून पाहिला गेला. बहुतेक ठिकाणी पहिला माणूस चाळीस-पन्नास रुपये देऊ करतो. आणि वीसपेक्षा कमी देऊ केले तर दुसरा पुष्कळदा "नको तुझे पैसे" म्हणतो. स्वतःचं नुकसान करून घेतो, पण अपमान गिळत नाही.

आलं लक्षात? होडीवाला उठून गेला तो हिशोब चुकला म्हणून नव्हे. २,४०,००० ला एक लाख म्हणजे निम्म्याहूनही खाली. त्याच्या कानांवर "एक लाख" पडलंच नाही. त्यानं ऐकलं ते "तुझ्या होडीची आणि तुझ्या कष्टांची किंमत एवढीच." ज्या होडीवर बारा वर्षं पोट भरलं, मुलांच्या शाळेची फी भरली, तिच्याबद्दल हे ऐकल्यावर कोण बसून राहील?

होडीच्या पोटात काय?

आता पारडं दुसऱ्या बाजूला झुकवू. घेणारा घाबरलेला असतो, आणि त्याला घाबरायचं कारणही असतं.

लाकडी होडीचं उदाहरण घ्या. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसतो किड्यासारखा, पण खरं म्हणजे तो शिंपल्यांचा भाऊबंद. तो अगदी लहान असताना लाकडात शिरतो. बाहेरून दिसतं टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि आत फळीची चाळण झालेली! वरून रंगाचा एक हात मारला की ते भोकही दिसेनासं होतं. फायबरच्या होडीतही थर सुटतात, आत पाणी शिरतं, आणि वरून मात्र सगळं गुळगुळीत.

म्हणून जाणकार माणूस होडी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघतो. हातात लहानशी हातोडी घेऊन ठोकत जातो. चांगला भाग टणटणीत वाजतो, खराब भाग बद्द. लाकडात संशय आला तर टोच्या टोचून बघतो. इंजिन चालू करायला सांगतो ते थंड असताना. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन सहज सुरू होतं आणि आपली रोगराई लपवतं. निळसर धूर आला तर तेल जळतंय. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. शेवटी होडी पाण्यात घालून एक फेरी मारल्याशिवाय पैशाची गोष्टच काढत नाही.

मालकाला हे सगळं आधीपासून माहीत असतं, गिऱ्हाईकाला नसतं. या एका फरकानं बाजार कसा नासतो ते जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली दाखवलं. त्यानं उदाहरण घेतलं जुन्या मोटारींचं, आपण होड्यांचं घेऊ.

किनाऱ्यावर दहा होड्या विकायला आहेत. पाच चांगल्या, किंमत दोन लाख. पाच खराब, किंमत एक लाख. बाहेरून सगळ्या सारख्याच. गिऱ्हाईक काय करेल? मधला भाव सांगेल, दीड लाख. आता चांगल्या होडीचा मालक म्हणेल, "दीड लाखाला? त्यापेक्षा मी ती वापरीन." आणि तो होडी परत नेईल. खराब होडीवाला मात्र आनंदानं थांबेल. उरल्या कोणत्या? पाचही खराब! हे कळलं की गिऱ्हाईक एक लाखावर उतरणार. चांगली होडी असूनही विकली गेली नाही, पैसे असूनही चांगली होडी मिळाली नाही. या विचाराबद्दल अकरलॉफना २००१ साली, आणखी दोघांबरोबर, अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे पडता भाव नेहमीच लोभातून येतो असं नाही. पुष्कळदा तो भीतीचा भाव असतो. आणि भीतीवर औषध एकच, उघडं करून दाखवणं. ज्या मालकाला चांगला भाव हवा आहे त्यानं स्वतःच म्हणावं, "या दादा, ठोकून बघा. इथं एकदा फुटली होती, इथं जोड दिलाय. इंजिन दुरुस्तीची ही पावती." दोष आपणहून सांगणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

होडीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. जुनं पुस्तक फाटकं निघालं तर पन्नास रुपये गेले. होडीची फळी खोल पाण्यात सुटली तर आत चार माणसं असतात. होडी विकताना जो कुजका भाग लपवतो, त्याची लबाडी पैशाच्या हिशोबात बसणारी नाही.

जून आणि जुलै

भाव वेळेवरही असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असते. होड्या वर ओढतात, झापांनी शाकारून ठेवतात. या काळात होडी कमावत नाही, उलट तिची निगा राखावी लागते. ज्याला विकायचीच आहे तो जूनमध्ये थोडा मऊ असतो. बंदी संपत आली, नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांना होडी हवी असते आणि तोच मालक ताठ होतो.

मग जूनमध्येच घ्यावी का? थांबा! पावसाळ्यात समुद्रावर फेरी मारून बघता येत नाही. स्वस्त मिळेल, पण डोळे झाकून घ्यावी लागेल. एका हातानं मिळतं ते दुसऱ्या हातानं जाऊ शकतं. शहाणा माणूस उन्हाळ्यात होडी पाण्यावर बघून ठेवतो आणि बोलणी पावसाळ्यात करतो.

आणि दुसरी वाट तयार ठेवतो. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं 'गेटिंग टू येस' नावाचं पुस्तक १९८१ साली निघालं. वाटाघाटींवरच्या पुस्तकांत ते फार वाचलं जातं. त्यातला एक मुद्दा अगदी आपल्या आजीच्या तोंडचा वाटावा असा आहे. बोलणी फिसकटली तर मी काय करीन, हे बसण्याआधीच ठरवून ठेवा. केळशीला दुसरी एक होडी बघून ठेवलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. दुसरी वाटच नाही, तो कितीही मोठ्यानं बोलला तरी आतून हललेला असतो.

अडला हरी

इथं घासाघिशीतली खरी नीती-अनीती येते.

समोरच्यालाही दुसरी वाट आहे, तोही उठून जाऊ शकतो, तोवर खालचा आकडा सांगणं हा खेळ आहे. त्यात पाप नाही. पण समजा, मालकाच्या घरात आजारपण आहे. दवाखान्याचं बिल उद्या भरायचं आहे. तो उठून जाऊच शकत नाही, आणि हे आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी दोन लाखांच्या होडीला एक लाख सांगणं म्हणजे त्याची मान कुठं अडकलीय ते बघून फास ओढणं. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, म्हणून गाढवानं लाथ मारायलाच हवी असं नाही!

कुणी म्हणेल, मग काय मागेल तेवढे द्यायचे? नाही. अडचणीत असलेल्याला योग्य भाव द्यायचा. दुसरं कुणी गरजवंत नसतं तर जो दिला असता, तोच. शिवाय लगेच रोख देता येत असेल तर तीच त्याला मोठी मदत असते, आणि त्याबद्दल थोडा भाव कमी मागणंही गैर नाही. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : उद्या जेटीवर हा माणूस समोर आला तर मला मान वळवावी लागेल का?

लहान गावात हा प्रश्न नुसता नीतीचा नसतो, व्यवहाराचाही असतो. आज ज्याच्याकडून होडी घेतली, उद्या भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर दोर टाकायला कदाचित तोच येणार आहे.

पत्राचं उत्तर

तर हर्णैच्या मित्रा, आता तुझ्या प्रश्नाकडे.

बाबांचं एक म्हणणं बरोबर आहे. पहिला आकडा खालचा सांगणं हा गुन्हा नाही. आईचंही बरोबर आहे. नुसता आकडा फेकला की तो तोंडावर बसतो. दोघांच्या मधे एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे कारण.

बाबांनी असं म्हटलं असतं तर? "भाऊ, अशीच होडी पलीकडच्या वाडीत दोन लाखांना गेली. तुमच्या इंजिनाला पस्तीस हजारांचं काम दिसतंय, तळाला पंधरा हजारांचं. म्हणून मी दीड लाखापर्यंत पोचतो. माझं कुठं चुकत असेल तर सांगा." हाही पडताच भाव आहे. २,४०,००० पेक्षा तब्बल नव्वद हजारांनी खाली! पण यात भांडण होडीशी आहे, माणसाशी नाही. मालक म्हणू शकतो, "इंजिनाचं काम गेल्याच वर्षी केलंय, ही पावती. आता फार तर पंधरा हजार लागतील." मग हिशोब होतो १,७०,०००. आकडा सरकला, आणि कुणाचीच मान खाली गेली नाही. आकड्याला आकड्यानं उत्तर देता येतं, अपमानाला येत नाही.

सौदा अजून मेलेला नाही, असं मला वाटतं. बाबांना पुन्हा जायला सांग. एकटं नको, होडीतलं कळणारा कुणी जाणता तांडेल बरोबर असू दे. आधी भावाचं बोलायचंच नाही. "त्या दिवशी मी होडी न बघताच बोललो, आज नीट बघायला आलोय," एवढं म्हटलं की निम्मी गाठ सुटते. जमलं तर घाई नको. नोंदणीचे कागद आणि मासेमारीचा परवाना कुणाच्या नावावर आहे, होडीवर बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज आहे का, हे बघूनच इसार द्यायचा, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाचं लिहून घ्यायचं. नाही जमलं, तर पट्टी नव्हती असं समजायचं आणि चहा पिऊन उठायचं.

मालकासाठीही एक गोष्ट आहे, वर्गमित्रामार्फत पोचली तर बघ. कुणी फार खाली मागितलं तर उठायचं नाही, चिडायचंही नाही. शांतपणे विचारायचं, "हा आकडा कसा काढलात?" ज्याच्याकडे हिशोब असेल तो मांडेल. ज्याच्याकडे नसेल तो आपोआप ओशाळेल.

आणि तुझ्या मित्राचं? होडीचा सौदा मोठ्यांचा आहे, तो जमो की मोडो. तुमची मैत्री त्या सौद्यात कुणी घातलेली नाही. मधल्या सुट्टीत तूच आधी जाऊन बस त्याच्याजवळ. इथं घासाघीस करायची नाही, पहिलं पाऊल पूर्ण आपणच टाकायचं.

या आठवड्याचं कोडं

एका मुलाला जुनी सायकल विकायची आहे. १,८०० च्या खाली द्यायची नाही असं त्यानं मनाशी ठरवलंय. घेणारीनं २,२०० च्या वर जायचं नाही असं ठरवलंय. तो सांगतो ३,०००, ती म्हणते १,४००. दोघं निम्म्यावर येतात.

(अ) सौदा कितीला झाला? पट्टीतला फायदा कुणाला किती मिळाला?
(आ) तिनं १,४०० ऐवजी १,००० पासून सुरुवात केली असती तर?
(इ) तिनं २०० रुपयांपासून सुरुवात केली असती, तर काय झालं असतं असं तुम्हाला वाटतं? इथं गणित पुरणार नाही. चार ओळी लिहा.

उत्तरं पत्रानं पाठवा. आणि पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या बाजारात जुनी पुस्तकं घेताना तुम्ही कशी घासाघीस केलीत तेही कळवा. चांगल्या हकिकती या पानावर छापू.

गेल्या आठवड्याचं उत्तर : दुकानदारानं १०० रुपयांच्या वस्तूची किंमत आधी २० टक्के वाढवली, झाली १२०. मग २० टक्के सूट दिली. पण सूट १२० वर, म्हणजे २४ रुपये. वस्तू मिळाली ९६ ला. म्हणजे खरोखर ४ रुपयांची सूट मिळाली, २० ची नव्हे. "काहीच फरक पडला नाही" असं पुष्कळांनी लिहिलंय. त्यांनी पुन्हा एकदा विचारावं : टक्के कशाचे?